आज कोण जिंकलं?

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या शाळेच्या व्यवस्थापन मंडळाचे प्रमुख फादर टिअरनन. वेळात वेळ काढून आलेले नगरसेवक श्री. डेक्लन फॉय, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या मुख्याध्यापिका गेरटीबाई, त्यांच्या खुर्चीवर यापुढे बसणार आहेत ते लॅलीसर, सगळा शिक्षकवर्ग, पालक, मागे घोळक्यानं उभी असलेली मुलं, आणि दाराबाहेर थांबलेली आमच्या तळावरची माणसं. आत या रे. खुर्च्या रिकाम्या आहेत, कोणी उठवणार नाही. आज तरी नाही.

मी फिलोमिना मंगन. पालकांच्या वतीनं दोन शब्द बोलावेत असं मला सांगण्यात आलं. आधी बर्नी फॅलन बोलणार होती, पण तिचा घसा बसलाय. म्हणजे मी दुसरी पसंती. त्याचं मला वाईट वाटत नाही, आम्हा फिरस्त्यांना इतक्या वरचा नंबर क्वचितच लागतो. हसा, हसायला हरकत नाही. फादरनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला लागलेत, तेव्हा कामाचं बोलते.

गेरटीबाई, तुमच्याबद्दल आत्तापर्यंत जे जे बोललं गेलं ते सगळं खरं आहे. छत गळत होतं तेव्हा तुम्ही स्वतः बादल्या मांडल्यात. सप्टेंबर आला की पालकांना सांगावे जायचे, मुलांबरोबर टॉयलेट पेपर आणि हात पुसायचे कागद पाठवा म्हणून. तेव्हा ते सांगताना तुमचा चेहरा उतरलेला असायचा, हे मी पाहिलंय. इथलं शिक्षण फुकट आहे असं सरकार म्हणतं. वर्गणी ज्याच्या त्याच्या खुशीची आहे असंही म्हणतं. ती खुशी दाखवली नाही की दर पंधरा दिवसांनी फोनवर आठवण येते, ही गोष्ट वेगळी. पण बाई, तुम्ही त्यावरून एकाही मुलाला वर्गात उभं केलं नाहीत. त्या पलीकडच्या मोठ्या शाळेत पैसे जमवायच्या सोडतीला मोटारगाडी असते म्हणे. आपल्याकडे नाताळात एक टर्की असते, आणि ती दर वर्षी फादरनाच लागते. मी काही आरोप करत नाही, फादर.

माझी डेलिया पाच वर्षांची झाली तेव्हा मी आधी त्याच पलीकडच्या शाळेत गेले होते. तिथे जागा नव्हती. आमच्या लोकांसाठी तिथली जागा नेहमी आदल्याच दिवशी संपलेली असते. शिवाय मुलीचा बाप त्याच शाळेत शिकलेला असेल तर तिचा नंबर आधी, असा त्यांचा नियम होता. माझा नवरा मार्टी बारा शाळांत शिकला आणि एकीतही नाताळापर्यंत टिकला नाही, तेव्हा त्या नियमाचा आम्हाला काय उपयोग? मी तशीच पावसात इथे आले. गेरटीबाई स्वतः फाटकापर्यंत आल्या, डेलियाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "जागा आहे. नसेल तर एक खुर्ची आणू." हे मी जन्मात विसरणार नाही. आज मी पुढे जे बोलणार आहे ते या वाक्याच्या शेजारी ठेवून ऐका, एवढी विनंती.

तेव्हा शाळेत मिस क्विगली होत्या. आमच्या मुलांच्या शेजारी बसून शिकवायला सरकारनं दिलेल्या. आठवतात का? लाल कोट, सर्दी कायमची. डेलिया त्यांच्याजवळ वाचायला शिकली. मग देशाच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि काटकसर सुरू झाली. काटकसर नेहमी खालच्या फळीपासून सुरू होते, कारण तिथे हात सहज पोचतो. एका उन्हाळ्यात मिस क्विगलींची जागाच गेली. सप्टेंबरात डेलिया वर्गात गेली तेव्हा तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. काही दिवसांनी एका मुलीनं आमच्या लोकांना हिणवायचा एक शब्द तिला उद्देशून वापरला. तो शब्द इथे सगळ्यांना ठाऊक आहे, फादरसमोर मी तो उच्चारत नाही. डेलियानं तिच्या थोबाडीत दिली. तिचं चुकलंच. घरी मीही तिला धारेवर धरलं.

त्यानंतर बाईंनी मला बोलावून घेतलं. चहा दिला, बिस्किट दिलं. आणि फार मायेनं म्हणाल्या, "फिलोमिना, आपण असं करू या का? डेलियाला थोडे दिवस हाफ डे देऊ. ती जरा स्थिरावेपर्यंत."

मी म्हटलं, "देव तुमचं भलं करो, बाई."

यातली गंमत कोणाच्या लक्षात येतेय का? या देशात हाफ डे म्हणजे काय असतं, ते मागे उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला विचारा. गावच्या पोरांनी हर्लिंगचा चषक आणला की हाफ डे. बिशप आले आणि त्यांनी स्टेजवरून मुख्याध्यापिकेकडे मागितला की हाफ डे. नाताळच्या सुटीआधी हाफ डे. हाफ डे हे बक्षीस असतं. मला वाटलं, माझ्या पोरीचा राग शांत व्हावा म्हणून बाई तिला गोंजारतायत. मी तळावर गेले आणि सगळ्यांना सांगितलं. माझी सासू म्हणाली, "हे स्थिर लोक कधीपासून इतके उदार झाले गं?" मी तिलाच गप्प केलं. म्हटलं, चांगल्याला चांगलं म्हणायला शिका. मग मी चुलीवर ब्रॅक भाजला, बेदाण्यांचा गोड पाव, हॅलोविनचे दिवस होते, ज्याला मिळेल त्याचं भलं व्हावं म्हणून आत अंगठी घातली आणि तो बाईंना नेऊन दिला. उपकार मानले. बाई, तुमच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. मला वाटलं, ब्रॅक बघून आलं.

पहिल्या दिवशी साडेअकराला मी फाटकाशी गेले तर डेलिया नाचत बाहेर आली. "मम्मी, हाफ डे! आज कोण जिंकलं?"

मी म्हटलं, "आपला गाव जिंकला, बाळ."

दुसऱ्या दिवशी परत. "आज कोण जिंकलं?" मी शेजारच्या परगण्याचं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी पोपचं. घोडे जिंकवले, कुत्रे जिंकवले, तिच्या बापाला पत्ते खेळताना जिंकवलं. सगळा नोव्हेंबर आमच्याकडे कोणी ना कोणी जिंकतच होतं.

तुम्ही म्हणाल, फिलोमिना, तुला कळलं कसं नाही? बाकीची मुलं बाहेर येत नव्हती, हे दिसलं नाही? दिसलं ना. मला वाटलं, पाळीपाळीनं देत असतील, शहाण्या मुलांना आधी. आणि विचारणार कोणाला? फाटकाशी आया उभ्या राहतात, गप्पा मारतात, हे मी गाडीतून बघते. माझ्याजवळ येऊन कोण उभं राहतं? तेव्हा तर कोणीच राहत नव्हतं.

मग एक दिवस मी पोचले तेव्हा डेलिया फाटकाच्या आत उभी होती. कोट अंगात, दप्तर पाठीला, दोन्ही हातांनी गज धरलेले. याच सभागृहातून गाण्याचा आवाज येत होता. नाताळच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती, सगळी शाळा गात होती. ती माझ्याकडे वळली नाही. म्हणाली, "मम्मी, हे सगळे अजून आत का आहेत?"

मी धीर केला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बर्नीला गाठलं. हीच ती बर्नी, घसा बसलेली. मी विचारलं, "तुमच्या मुलीला हाफ डे कधी असतो?"

ती म्हणाली, "हाफ डे? आता नाताळला मिळेल की. का हो?"

मी म्हटलं, "काही नाही, सहज." दूध घ्यायला गेले होते, ते तसंच राहिलं. घरी आले आणि मार्टीला सांगितलं. तो म्हणाला, "आणि तू त्यांना ब्रॅक दिलास." त्याला माझी चेष्टा करायची नव्हती. पण आजतागायत मी ब्रॅक भाजलेला नाही.

मी बाईंकडे गेले. रागानं गेले होते, कबूल करते. बाईंनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "फिलोमिना, एक शिक्षिका आहे आणि तीस मुलं आहेत. डेलियाच्या शेजारी बसायला माणूस द्या म्हणून मी वर लिहून लिहून थकले. माझ्या हातात काय आहे, तूच सांग."

मी म्हटलं, "बाई, तुमच्या हातात घंटा आहे."

मला वाटतं, आम्ही दोघी एकाच भिंतीवर डोकं आपटत होतो. पण बाई भिंतीच्या आतल्या बाजूनं आपटत होत्या आणि मी बाहेरच्या. हे मी तेव्हा समजू शकले नाही. आता समजते. समजलं म्हणून दुखायचं थांबतं, असं मात्र नाही.

"स्थिरावेपर्यंत" म्हणाला होतात, बाई. आम्ही आमच्यात तुम्हा सगळ्यांना स्थिर माणसं म्हणतो. तेव्हा "डेलिया स्थिरावेपर्यंत" याचा आमच्या घरात काय अर्थ झाला असेल, याचा विचार करून बघा. ती तुमच्यासारखी होईपर्यंत. तर ती काही झाली नाही. थोडे दिवस म्हणून दिलेला हाफ डे ती ही शाळा सोडून जाईपर्यंत चालला. तिनं परत कोणावर हात उगारला नाही. एकदाही नाही. पण एकदा बंद झालेली दुपार परत उघडायची कोणाला आठवण राहिली नाही. मी आठवण करून दिली की सगळे गोड बोलायचे. "या सत्रानंतर बघू." आणि ती विचारायची थांबली. आज कोण जिंकलं, हे तिनं विचारणं बंद केलं तो दिवस मला आठवत नाही. आठवायला हवा होता.

श्री. फॉय, तुम्ही मघाशी फार सुंदर बोललात. समान संधी, दार सर्वांसाठी उघडं, वगैरे. मी टाळ्याही वाजवल्या. दार उघडं आहेच हो. सकाळी आत यायला उघडं आहे आणि साडेअकराला बाहेर काढायलाही उघडं आहे. तुम्ही शाळेत असताना आयरिश, इंग्रजी आणि गणित सकाळी व्हायचं ना? आपल्याकडे अजून तसंच आहे. इतिहास, भूगोल, चित्रं, गाणी, खेळ, सगळं दुपारी, अडीचला शाळा सुटेपर्यंत. माझ्या डेलियाला दुपारचे विषय येत नाहीत. ती गुणाकार चोख करते. पण शॅनन नदी कुठून येते हे तिला तिच्या मुलीनं सांगितलं. चहा घ्यायला जाल तेव्हा या भिंतीवरचे फोटो बघा. दर वर्षीचा नाताळचा कार्यक्रम आहे. मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत, एका वर्षी तर लॅलीसर गाढव झालेत. त्यात डेलिया शोधा. मी पुष्कळदा शोधलीय. कधी काळी गर्दीत चुकून उभी राहिली असेल, म्हणून शोधते.

पुढे माध्यमिक शाळेत गेली आणि पंधराव्या वर्षी घरी बसली. तिथल्या सरांनी मला सांगितलं, "तिला शाळेची सवयच नाही." बरोबर आहे. अर्ध्या दिवसाची सवय होती.

आणि आता चहाचंच निघालंय म्हणून सांगते. आज चहा आणि सँडविच मागच्या लांबट खोलीत मांडलीत ना? मी लहान असताना एका हिवाळ्यात या शाळेत होते, बाईंच्या कितीतरी आधी. फिरस्त्यांची मुलं सगळी त्या खोलीत, लहान-मोठी एकत्र. आमची मधली सुट्टी वेगळी, आमचं दारही वेगळं. तेव्हा कोणी आम्हाला लवकर घरी पाठवत नव्हतं, कारण आम्ही कोणाला दिसतच नव्हतो. माझ्या वाट्याला वेगळी खोली आली, माझ्या मुलीच्या वाट्याला अर्धा दिवस. सुधारणा झाली नाही, असं मी म्हणत नाही. अध्यक्ष महाराज, घड्याळ बघू नका, मी संपवत आणलंय.

माझ्या डेलियाची मुलगी नेल याच शाळेत आहे. सात वर्षांची. ती कोणाला मारत नाही. उलट आवाज वाढला की टेबलाखाली जाऊन बसते आणि कोणीतरी शेजारी बसेपर्यंत बाहेर येत नाही. तिच्यासाठी बाईंनी मदतनीस मागितली. या वेळी मिळाली. श्रीमती डूलन. अतिशय चांगली बाई, नेल तिचा हात सोडत नाही. पण सरकारनं श्रीमती डूलन दिल्या त्या अर्ध्या. त्यांचे तास साडेअकरापर्यंत मंजूर झाले. साडेअकरानंतर नेल टेबलाखाली जात नाही असं कोणीतरी कार्यालयात बसून ठरवलं असणार.

गेल्या महिन्यात डेलियाला शाळेत बोलावलं. चहा, बिस्किट. ती मला घेऊन गेली होती. बाई, तुम्ही बोलायला सुरुवात केलीत, "डेलिया, आपण असं करू या का..." आणि डेलिया हसली. मोठ्यानं हसली. तुम्ही दचकलात. ती म्हणाली, "बाई, पुढचं मला पाठ आहे." तुम्ही मान खाली घातलीत. सगळ्या नोकरीत तुम्हाला कोणी इतकं बोललं नसेल, आणि तेही हसून. पण दुसऱ्या दिवसापासून नेल साडेअकराला फाटकाबाहेर यायला लागली.

डेलिया आज इथे आहे. त्या खांबाशी उभी आहे, हिरव्या जाकिटात. तिनं यायचं कबूल केलं याचंच मला नवल वाटतं. नेल तिच्या कडेवर झोपलीय, तिला उठवू नका. डेलियानं मला बजावून पाठवलंय, "मम्मी, तिथे रडू नकोस, त्यांना आवडतं." मी रडणार नाही.

मघाशी फादर टिअरननी स्टेजवरून जाहीर केलं की गेरटीबाईंच्या सन्मानार्थ उद्या सगळ्या शाळेला हाफ डे. मागच्या पोरांनी केवढा आरडाओरडा केला, माईक घुमला. प्रथाच आहे, द्यायलाच हवा. बाईंनी तो कमावलाय. पण तेव्हा मी डेलियाकडे बघितलं. ती नेलच्या केसांवरून हात फिरवत होती.

उद्या साडेअकराला घंटा होईल आणि सगळी शाळा फाटकातून बाहेर येईल. फॅलनांची मुलं, टिअरननांचे भाचे, डॉक्टरांच्या जुळ्या मुली. आणि त्यांच्या मधोमध नेल. सगळ्यांबरोबर घरी जायचा महिन्याभरातला तिचा हा पहिला दिवस असेल. ती फार खूश होईल. तिला वाटेल, आता असंच होणार. आणि सोमवारी परत तिचा कोट तेवढा खुंटीवरून उतरेल.

लॅलीसर, तुम्ही चांगले आहात, गाढवाचं काम तुम्ही मनापासून केलं होतंत. सोमवारी घंटा तुमच्या हातात येते. श्रीमती डूलन पूर्ण दिवस कशा द्यायच्या ते मला माहीत नाही. श्री. फॉय यांना माहीत असेल, ते आज रात्री इथेच जेवणार आहेत, त्यांना सोडू नका. त्या मिळेपर्यंत मी येते. डेलिया येते. आम्ही नेलच्या शेजारी बसतो, टेबलाखाली बसावं लागलं तर तिथे बसतो. माझे गुडघे दुखतात, पण बसेन. या शाळेत मला यापूर्वीही बसवून ठेवलंय, मागच्या खोलीत. मला फक्त तिची दुपार हवी आहे. शॅनन नदी हवी आहे, चित्रं हवी आहेत, आणि नाताळात भिंतीवर एक फोटो हवा आहे ज्यात ती असेल, मेंढी म्हणून का होईना.

कारण ती सोमवारी साडेअकराला एकटीच बाहेर आली आणि तिनं मला विचारलं की आजी, आज कोण जिंकलं, तर माझ्याकडे आता कोणाचंच नाव उरलेलं नाही. सगळी मी तिच्या आईला सांगून संपवलीत.

गेरटीबाई, तुम्हाला निवृत्तीत आरोग्य लाभो, बागेत गुलाब फुलोत, आणि तुमच्या दुपारी मोठ्या असोत. त्या दिवशी पावसात तुम्ही जी खुर्ची देऊ केलीत तिच्याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. ब्रॅकबद्दल राग नाही. त्यातली अंगठी सापडली असली तर ठेवून घ्या.

मंडळानं मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, कोणी उठून गेलं नाही, याबद्दल सगळ्यांचे आभार. मानपानात कोणाचं नाव राहिलं असेल, किंवा निरोपाच्या कार्यक्रमात बोलू नये असं काही माझ्या तोंडून गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आता चहा घ्यायला चला, मागच्या खोलीत. तिचं दार जरा अडतं, खांद्यानं ढकलावं लागतं. मला माहीत आहे.

सोमवारी मी फाटकाशी उभी असेन. अडीच वाजता.